पाण्याच्या नळीत काय दिसलं?

बी.एस्सी.चे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. बहुतेक फोन पालकांचे असतात. 'सर, मुलगी बायोटेक करायचं म्हणतेय. स्कोप आहे ना?' हा स्कोप शब्द आता इतका मराठी झालाय, की त्याला प्रतिशब्द शोधण्याची कुणाला गरजही वाटत नाही. पंचवीस वर्षं मी पदव्युत्तर वर्गाला रेणवीय जीवशास्त्र शिकवतो आहे, पण या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देणं मला अजून जमलेलं नाही. आकाशवाणीनं आज थोडा जास्त वेळ दिला आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. इंग्रजीत मॉलिक्युलर बायोलॉजी म्हणतात ते रेणवीय जीवशास्त्र. आपल्याकडच्या विद्यापीठांत या नावाची स्वतंत्र पदवी फारशी आढळत नाही. बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, लाइफ सायन्सेस अशा निरनिराळ्या पाट्या असतात. पाटी कुठलीही असो, आत गेल्यावर दोन वर्षांतला मोठा भाग याच विषयाचा असतो. म्हणून पाटीवर फार वेळ घालवू नये.

विषयाचा गाभा शाळेतल्या मुलांनाही आता ठाऊक असतो. पेशीत डीएनए असतो, त्यात माहिती लिहिलेली असते, त्या माहितीची नक्कल आरएनएमध्ये उतरते आणि तिच्या आधारानं प्रथिनं तयार होतात. डीएनएची दुहेरी गोफासारखी रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली केंब्रिजमध्ये मांडली, आणि त्यामागे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा मोठा आधार होता. त्या माहितीची लिपी कशी वाचायची, हे १९६०च्या दशकात उलगडलं. त्या कामासाठी १९६८ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत आपले हरगोविंद खुराना होते. आपल्या देशात या विषयाचा पाया मुंबईत घातला गेला. १९६२ साली ओबेद सिद्दीकी यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याचा विभाग सुरू केला. एरवी भौतिकशास्त्र आणि गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत ही माणसं जंतूंचे प्रयोग करायला बसली होती.

एवढं सगळं पुस्तकात मिळतं. त्यासाठी दोन वर्षं, चार सत्रं आणि वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे कशाला खर्च करायचे? खरा प्रश्न इथून सुरू होतो.

आमच्या विषयाची अडचण अशी, की ज्याचा अभ्यास करायचा ते दिसत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पान दिसतं, भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला दगड दिसतो. आमच्या विद्यार्थ्यापुढे असते बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची नळी आणि तिच्या तळाशी पाण्यासारखा दिसणारा जेमतेम अर्धा थेंब. डीएनए आहे ते पाण्यासारखंच दिसतं, एन्झाइम आहे ते पाण्यासारखंच दिसतं आणि नुसतं पाणी असेल तर तेही अर्थातच पाण्यासारखं दिसतं! नळीचं नाव टोपणावर शाईनं लिहिलेलं असतं. ती शाई पुसली गेली की संपलं.

हा अर्धा थेंब मोजायला मायक्रोपिपेट नावाचं पेनासारखं उपकरण असतं. पाण्याचा एक थेंब साधारण पन्नास मायक्रोलिटर भरतो. आमची नेहमीची अभिक्रिया पंचवीस मायक्रोलिटरची असते आणि तिच्यात घालायच्या काही गोष्टी एकेक मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाचा पन्नासावा भाग. पहिल्या सत्रात मी विद्यार्थ्यांकडून आठवडाभर नुसतं पाणी मोजून घेतो. मोजलेलं पाणी तराजूवर ठेवून वजन बघायचं आणि पुन्हा मोजायचं. मुलं कंटाळतात. ज्यांनी घरी आईला पोळ्यांची कणीक भिजवताना नीट पाहिलंय, ती जरा लवकर शिकतात, असं माझं एक निरीक्षण आहे. त्याला शास्त्रीय आधार मात्र काही नाही.

मग येतो कांद्याचा प्रयोग. हा घरीही करता येतो. कांदा वाटून त्यात मीठ आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घालायचे, पाणी घालून हलक्या हातानं ढवळायचं आणि गाळून घ्यायचं. औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट फ्रिजमध्ये थंडगार करून ठेवावं आणि गाळलेल्या पाण्यावर बाजूनं हळूच सोडावं. मात्र ते पेट घेतं, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ हे करू नये. साबणानं पेशींची स्निग्ध आवरणं फुटतात, मिठामुळे डीएनए एकत्र यायला मदत होते आणि स्पिरिटमध्ये तो विरघळत नाही. थोड्या वेळात दोन थरांच्या मध्ये पांढरट, कापसासारखे तंतू दिसायला लागतात. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, हे वाक्य पुस्तकात वाचलेलं असतंच, पण ते तंतू काडीवर गुंडाळताना त्याचा अर्थ कळतो.

वर्गात टाळ्या पडतात. त्या थांबल्या की मी विचारतो, 'हे डीएनएच आहे कशावरून?' वर्ग गप्प होतो. त्या तंतूंत पेक्टिन असू शकतं, प्रथिनंही असू शकतात. पुस्तकात लिहिलंय म्हणून, हे उत्तर चालत नाही. मग कुणीतरी सुचवतं, की फक्त डीएनए तोडणारं एन्झाइम घालून बघू. तंतू विरघळले, तर ते डीएनएचे. बरोबर! आणि मग पुढचा प्रश्न. ते एन्झाइम ज्या द्रावणात ठेवलेलं होतं, त्या नुसत्या द्रावणानंच तंतू विरघळले असतील तर? म्हणजे दुसऱ्या नळीत नुसतं ते द्रावण घालून पाहायला हवं. १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी आनुवंशिक गुण वाहून नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे याच जातीच्या युक्तिवादानं दाखवलं होतं. एकेक एन्झाइम घालून त्यांनी प्रथिनं नष्ट केली, आरएनए नष्ट केला, तरी गुण जात राहिला. डीएनए नष्ट केल्यावर मात्र तो थांबला.

या दुसऱ्या नळीला आम्ही कंट्रोल म्हणतो. माझं मत विचाराल तर एम.एस्सी.च्या दोन वर्षांत शिकायचं ते मुख्यतः हेच. बाकीचं आपण नंतर वाचून घेऊ शकतो.

आता पीसीआरकडे येतो. हा शब्द करोनामुळे घराघरांत पोचला. कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये ही कल्पना सुचली आणि १९९३ मध्ये तिच्यासाठी नोबेल मिळालं. डीएनएचा हवा तेवढा तुकडा निवडून त्याच्या प्रती काढायच्या. नळी ९५ अंशांपर्यंत तापवली की डीएनएचे दोन धागे सुटे होतात, थंड केली की प्रत कुठून काढायची हे ठरवणारे छोटे तुकडे जागेवर बसतात आणि ७२ अंशांना एन्झाइम प्रत काढतं. एकाचे दोन, दोनाचे चार. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवा. अशा तीस फेऱ्यांत एका तुकड्याचे हिशेबानं १०७ कोटींहून अधिक होतात आणि याला दोनेक तास लागतात. इतक्या उष्णतेत टिकणारं एन्झाइम मिळालं ते अमेरिकेतल्या यलोस्टोन इथल्या उन्हाळ्यांत राहणाऱ्या जंतूकडून. आपल्या वज्रेश्वरीला असतात तशीच गरम पाण्याची कुंडं, फक्त कितीतरी जास्त कढत.

नंतर हे सगळं एका पारदर्शक चकतीवर, म्हणजे जेलवर, विजेच्या दाबानं पळवायचं. स्वयंपाकघरातल्या चायना ग्रासचा जेल हा शुद्ध भाऊ म्हणायला हरकत नाही, कारण दोन्हीचं मूळ समुद्रातल्या शेवाळात आहे. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे धावतो. लहान तुकडे पुढे जातात, मोठे मागे राहतात. रंगद्रव्य घालून अतिनील प्रकाशात पाहिलं की झगझगीत पट्टे दिसतात. दोन दिवस आंधळेपणानं केलेल्या कामाचं हे पहिलं दर्शन. त्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर येणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा पाहिला की निकाल विचारावा लागत नाही.

पण एकाचे १०७ कोटी करणारं तंत्र चुकीचंही तितक्याच इमानानं वाढवतं. कालच्या प्रयोगातला डीएनएचा एखादा कण पिपेटला चिकटून आजच्या नळीत आला, की तोही वाढतो. म्हणून प्रत्येक वेळी एका नळीत सगळं घालायचं आणि डीएनएच्या जागी नुसतं पाणी. त्या रांगेत पट्टा दिसता कामा नये. दिसला, तर बाजूच्या रांगांतले सगळे सुंदर पट्टे कचऱ्यात.

लातूरकडचा एक विद्यार्थी आठवतो. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात त्यानं मातीतले जंतू वेगळे करून त्यांची डीएनएवरून ओळख पटवायचं काम घेतलं होतं. पट्टे झकास येत होते, पण पाण्याच्या नळीतही फिकट पट्टा दिसत होता. मित्रांनी सल्ला दिला, फोटोतली ती रांग कापून टाक, कुणाला कळणार आहे? त्यानं पाणी बदललं, पिपेट धुतली, एन्झाइमची नवी कुपी घेतली, जागा बदलली. तीन आठवडे गेले. अखेर पट्टा एन्झाइममधूनच येत होता, असं निघालं. हे एन्झाइम जंतूंच्या पेशींत तयार करतात आणि त्यांचा किंचित डीएनए त्यात राहून जाऊ शकतो. जंतूंचंच जनुक शोधायचं असेल, तर ते नेमकं आड येतं. प्रबंधात त्यानं हे सारं लिहिलं. त्याचे निष्कर्ष इतरांपेक्षा कमी भरले आणि गुणही थोडे कमीच पडले. परीक्षकांना पानं मोजायची सवय असते, त्याला काय करणार?

त्याच्यानंतर काही वर्षांनी आलेल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट २०२० मधली. त्या वर्षी ३० जानेवारीला देशातला पहिला करोनाबाधित नोंदला गेला, केरळमधला. त्याची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाली. वर्ष संपेपर्यंत देशात दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळा ही तपासणी करत होत्या. तिथं पिपेट हातात घेऊन उभं कोण होतं? आमची एम.एस्सी. झालेली ही मुलं, पीपीई किटमध्ये घामानं निथळत. तपासणीच्या ताटलीत ९६ खळगे असतात. साधारण ९४ नमुने आणि दोन कंट्रोल. त्यांतला एक पाण्याचा. ही मुलगी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रात्रपाळीला होती. पहाटे पाण्याचा खळगा चमकला. अहवाल सकाळी जायचे होते, वरून सारखे फोन येत होते, आणि 'बाकीचे ठीक आहेत ना, पाठवून दे' असंही तिला सांगण्यात आलं. तिनं ताटली रद्द केली आणि सगळे नमुने पुन्हा लावले. त्या ९४ जणांना अहवाल एक दिवस उशिरा मिळाले. त्यांतले काही जण नाराज झाले असणार. पण त्या दिवसांत एका चुकीच्या 'पॉझिटिव्ह'चा अर्थ काय होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. धडधाकट म्हातारा माणूस करोनाच्या कक्षात नेऊन ठेवायचा!

त्याच काळात सीटी हा आकडाही लोकांच्या तोंडी झाला. कितव्या फेरीला खूण दिसली, एवढाच त्याचा अर्थ. दर फेरीला दुप्पट होत असल्यानं वीस आणि तीस यांत दहाचा फरक नसतो, हजारपटीचा असतो. वीसवाल्या नमुन्यात विषाणूचा अंश तीसवाल्यापेक्षा सुमारे हजारपट जास्त. अहवालातला आकडा वाचून घाबरलेल्या किती जणांना मी हे फोनवर समजावलं, याची गणती नाही.

या विषयाला हातांइतकंच डोकं लागतं, हेही सांगायला हवं. आमच्या अभ्यासक्रमातला माझा सर्वांत आवडता धडा झाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांचा. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू दुधातली साखर मिळाली तरच ती पचवणारं एन्झाइम बनवतो, एरवी नाही. त्याला कसं कळतं? त्यांच्याकडे काही बिघडलेले जंतू होते, ते साखर असो नसो, एन्झाइम बनवतच राहायचे. कल्पना करा, एका वाड्याचं दार सदा उघडं आहे. राखणदार नाही म्हणून उघडं आहे, की दाराचीच कडी मोडलीय? शेजारच्या वाड्यातला राखणदार आणून उभा करा. दार बंद झालं, तर राखणदारच नव्हता. तरीही उघडंच राहिलं, तर कडी मोडलेली. त्यांनी चांगल्या जंतूतलं जनुक बिघडलेल्यात घालून नेमकं हे केलं आणि राखणदार असलाच पाहिजे, असं १९६१ मध्ये मांडलं. १९६५ मध्ये नोबेल मिळालं. तो राखणदार, म्हणजे एक प्रथिन, प्रत्यक्ष हाती लागला १९६६ मध्ये! न पाहिलेली वस्तू आहे हे इतक्या खात्रीनं सांगता येतं, हे ज्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा उमगतं, त्याला पुढे ढकलावं लागत नाही.

दुर्दैवानं आमच्याकडे हाच धडा पाच गुणांची टीप म्हणून पाठ होतो. २००० नंतरच्या काही वर्षांत बायोटेकची लाट आली आणि गावोगावी अभ्यासक्रम निघाले. त्यांतले काही उत्तम चालले. काही ठिकाणी मात्र चाळीस विद्यार्थ्यांत एक पीसीआर यंत्र, तेही काचेच्या कपाटात. प्रयोग सर करतात, मुलं भोवती उभी राहून बघतात आणि जर्नलमध्ये मागच्या वर्षीचे आकडे उतरवतात. कारणं खोटी नाहीत. एन्झाइमं महाग, बरीचशी आयात केलेली, आणि ती उणे वीस अंशांत ठेवावी लागतात. राज्यात भारनियमन जोरात होतं त्या काळात फ्रीझर वाचवताना आमची तारांबळ उडायची. पण याचा परिणाम असा होतो, की शेवटच्या सत्रातला प्रकल्प मुलं पैसे भरून शहरातल्या एखाद्या केंद्रात 'करून घेतात'. पदवी मिळते. पाण्याच्या नळीत पट्टा दिसला तर काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आता तो स्कोप. लस आणि औषधं बनवणाऱ्या कंपन्यांचे गुणवत्ता विभाग, रोगनिदान प्रयोगशाळा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि जालन्यासारख्या ठिकाणच्या बियाणे कंपन्या, जिथं वाणाची शुद्धता डीएनएवरून तपासतात, इथं कामं आहेत. सुरुवातीचा पगार इंजिनीअर झालेल्या चुलतभावापेक्षा कमी असतो, हे आधीच मनात धरावं. संशोधनात जायचं तर नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये आहे, पण पीएच.डी.ला पाचेक वर्षं लागतात. माझ्या वर्गात दहांत सात-आठ मुली असतात. त्यांच्या घरी या पाच वर्षांचा हिशेब वेगळ्या पद्धतीनं मांडला जातो. तो मुलीच्या गैरहजेरीत मांडू नये, एवढंच सांगतो. आणि संगणकाला नाही म्हणून चालणार नाही. माणसाचा संपूर्ण डीएनए वाचण्याचा खर्च २००१ मध्ये सुमारे दहा कोटी डॉलर होता, आता तो हजार डॉलरच्याही खाली आला आहे. वाचलेली माहिती लावून बघणारी माणसं कमी पडतात.

प्रवेशासाठी आयआयटी जॅम, गॅट-बी, सीयूईटी-पीजी अशा परीक्षा आहेत. काही विद्यापीठं स्वतःची घेतात. नव्या धोरणात चार वर्षांची पदवी केलेल्यांना एका वर्षात एम.एस्सी. होता येतं. चौथ्या वर्षी प्रयोगशाळेत खरोखर काम झालं असेल, तरच हा सौदा बरा.

महाविद्यालय निवडताना आधी माहितीपत्रकातले यंत्रांचे फोटो बाजूला ठेवा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. गेल्या महिन्यात पिपेट स्वतःच्या हातात किती वेळा आली, ते विचारा. शेवटचा प्रकल्प किती महिन्यांचा असतो आणि तो कुठं करतात, हे विचारा. विभागाच्या ग्रंथालयात जुने प्रबंध असतात, ते मागून घ्या. त्यांत जेलचे फोटो असतील. पाण्याची रांग त्यात दाखवली आहे का, तेवढं बघा. हे सगळं मे महिन्यातच उरकावं, कारण एकदा याद्या लागायला लागल्या की पैसे भरायला दोन-तीन दिवस मिळतात आणि पाहायला काहीच वेळ उरत नाही. जाताना मुलीला बरोबर न्यावं. प्रश्न तिलाच विचारू द्यावेत.